लांडगा कुणाला म्हणायचं?

(दृश्य : महाद्वार रोड, संध्याकाळची गर्दी.)

कोल्हापूरकडच्या भुतांचे पत्ते ठरलेले आहेत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी. दिवसा माणूस आणि रात्री लांडगा हा प्रकार मात्र आपल्याकडचा नव्हे, तो आला युरोपातून, पुस्तकांतून आणि सिनेमांतून. अशाच वेअरवुल्फच्या कथांचा एक इंग्रजी संग्रह इथल्या काही वाचकांत हातोहात फिरला. ज्या गावात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उभं आहे, तिथं पुस्तक वाचून कुणी गप्प बसत नाही.

पहिली तक्रार पौर्णिमेची.

(दृश्य : जोतिबाचा डोंगर, चैत्र यात्रा, गुलाल.)

दरवर्षी जोतिबाला जाणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "पौर्णिमेला काय भ्यायचं ओ? चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचत्यात. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवतोय आम्ही. भ्यायचं ते अमावस्येला!"

चंद्र उगवला, अंगावर केस फुटले, किंकाळी ऐकू आली, एवढ्याच भांडवलावर उभ्या असलेल्या कथा इथं आपटल्या, आणि त्या आपटायलाच हव्या होत्या. मुळात माणसांना लांडगा ठरवून चालवलेल्या युरोपातल्या जुन्या खटल्यांत चंद्राला एवढा मान नव्हताच. जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गला 1589 साली पेटर श्टुंपला हालहाल करून मारलं, तेव्हा त्याच्या तोंडून वदवून घेतलेली गोष्ट होती सैतानानं दिलेल्या पट्ट्याची. पट्टा कमरेला बांधला की लांडगा, सोडला की माणूस. पौर्णिमेचा नियम पक्का केला तो विसाव्या शतकातल्या सिनेमांनी.

(दृश्य : हातकणंगले तालुक्यातलं मोकळं रान. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेली, आत मेंढरं.)

दुसरं मत एका मेंढपाळ मामांचं. शेतात मेंढरं बसवलेली असताना त्यांची कॉलेजात जाणारी लेक पालापाशी बसून एकेक कथा त्यांना मराठीत सांगायची. एका कथेत लांडगा सबंध कळप फाडतो. तिथं मामांनी तिला थांबवलं. "लांडगा एक मेंढरू उचलून न्हेतोय. बाकीची भिऊन एकमेकांवर पडून मरत्यात. लिवणाऱ्यानं कळप बघितल्याला न्हाई." बोलता बोलता त्यांनी वाघरीची सैल झालेली गाठ दातांनी ओढून घट्ट केली. महाराष्ट्रातला लांडगा सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडच्या माळरानांवर कसाबसा तग धरून आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. त्याच्याकडून नुकसान सोसणाऱ्या जमातीतला माणूस त्याची बाजू घेऊन बोलतो, यापेक्षा वजनदार समीक्षा मला या संग्रहाची ऐकायला मिळाली नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो गुराखी पोराच्या कथेवरून.

ही कथा बेतली आहे झाँ ग्रेनिए या खऱ्या मुलावर. साल 1603, फ्रान्सचा नैर्ऋत्य भाग. तेरा-चौदा वर्षांचा, दुसऱ्यांची गुरं राखणारा पोर. आपल्याकडे लांडग्याचं कातडं आहे, आपण पोरं खाल्ली आहेत, असं तोच लोकांना सांगत सुटला. इतर ठिकाणी अशा कबुलीवर माणसं जाळली जात होती. बोर्दोच्या न्यायालयानं मात्र मुलाची समज कमी आहे असं मानून त्याला जाळलं नाही, जन्मभरासाठी मठात ठेवलं.

वैद्यकीय शाखेत शिकणारी एक वाचक म्हणाली, "हा आजार आहे. आपण जनावर झालोय असं ठामपणे वाटणारे रुग्ण आजही क्वचित सापडतात. लेखकानं त्याचं मन नीट उघडून दाखवलंय." तिला ही कथा संग्रहातली सर्वांत चांगली वाटते.

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंना ते पटलं नाही. त्यांच्या प्रतीत या कथेच्या कडेनं पेन्सिलीच्या खुणाच खुणा आहेत, आणि एका पानावर नुसतं लिहिलंय : 'हजेरी'.

(दृश्य : दसरा चौक, शाहू महाराजांचा पुतळा.)

1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. कोल्हापूर संस्थानातही काही जातींच्या लोकांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. ती शाहू महाराजांनी 1918 साली बंद केली, आणि ज्यांना लोक दारात उभं करत नसत त्या फासेपारध्यांना जवळ करून कामाला ठेवलं. बाई म्हणाल्या, "लांडगा ठरवून पकडले कोण? गुराखी, भिकारी, रानात एकटे राहणारे. गावानं आधी बोट दाखवलं, मग त्या पोरानं ते खरं मानलं. इथपर्यंत लेखक बरोबर आहे. पण शेवटच्या पानावर तो पोराला खरोखरचा लांडगा करतो. म्हणजे गावच बरोबर होतं की!"

यावर ती वैद्यकीय शाखेतली मुलगी भांडली. भीतीच्या कथेत भीती खरी ठरलीच पाहिजे, नाहीतर वाचकाची फसवणूक होते, असं तिचं म्हणणं. ते मी समजू शकतो, तरी माझं मत बाईंच्या बाजूनं आहे. तो शेवट वाचताना मला राग आला, अजूनही येतो.

मामांनी हीच कथा लेकीकडून दोनदा ऐकली. लांडगा झाला की नाही, यात त्यांना रस नव्हता. त्यांनी विचारलं, "गुरं कुणाची हुती? पोराला महिन्याला काय देत हुते? रातचं भाकरी तरी मिळत हुती का?"

लेकीनं पानं मागंपुढं चाळली. त्या कथेत यातलं काहीच नाही, आणि ते असायला हवं होतं.