कार्डात किती फोटो मावतात?

नमस्कार मंडळी. लग्नसराई तोंडावर आली की कार्डाच्या दुकानात हमखास ऐकू येणारा प्रश्न आज घेऊ: "चौसष्ट जीबीत किती फोटो बसतील?" दुकानदार एक आकडा सांगतो, आपण तो लक्षात ठेवतो, आणि ऐन वरातीत कॅमेऱ्यावर 'कार्ड फुल' येतं. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत मांडता येतो. तो ज्याचा त्यानेच मांडावा, कारण त्यातली निम्मी माहिती तुमच्या कॅमेऱ्यात आणि तुमच्या फ्रेममध्ये असते, कार्डावर नसते.

आधी कार्डाची बाजू. कार्डावरचे ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून तेच कार्ड लॅपटॉपला लावलं की साधारण ५९.६ जीबी दिसतं, आणि ३२ चं कार्ड २९.८. यात कुणी फसवलेलं नसतं आणि जागाही कुठे गेलेली नसते. माप तेवढं वेगळं.

आता फोटोची बाजू. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ, कारण आज लग्नाच्या कामात तो सर्रास दिसतो. ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या फाइलमध्ये, प्रत्येक पिक्सेलचा एकच आकडा साठवतात, बहुधा १४ बिटांचा. गुणाकार करून आठाने भागलं (आठ बिटांचा एक बाइट) की ४.२ कोटी बाइट, म्हणजे ४२ एमबी. काही कॅमेरे १४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या खणात ठेवतात, तिथे ४८ एमबी होतात. लॉसलेस कॉम्प्रेशन चालू केलं की हीच फाइल बहुतेक वेळा २५ ते ३० एमबीपर्यंत खाली येते, आणि फोटोतलं काहीही जात नाही. अनकॉम्प्रेस्ड ठेवून कार्ड लवकर भरण्यात मला तरी काही फायदा दिसत नाही.

जेपेगचं, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेल्या तयार फोटोचं, गणित निराळं आहे, आणि तिथे जरा थांबायला हवं. जेपेग बनवताना कॅमेरा चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो. चौकोनात सपाट रंग असेल तर दोनचार आकड्यांत काम भागतं. चौकोनात बारीक कलाकुसर असेल तर आकडे भराभर वाढतात. लग्नातलंच उदाहरण बघा. सकाळी साध्या भिंतीपुढे नवरीचा एकटीचा फोटो घेतला, मागचं सगळं धूसर: फाइल ७ एमबीची. दुपारी शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता हवेत आहेत, मागे झेंडूच्या माळा, पैठणीची जर, पन्नास पाहुण्यांचे चेहरे: त्याच कॅमेऱ्यात, त्याच फाइन सेटिंगवर फाइल १४ एमबीची होऊ शकते. प्रत्येक तांदळाच्या दाण्याला कडा आहे आणि प्रत्येक कडेला जागा लागते.

फाइल मोठी होण्याचं दुसरं कारण आयएसओ, म्हणजे अंधारात फोटो उजळ यावा म्हणून वाढवतो ती सेटिंग. रात्री मांडवात ६४०० वर गेलात की फोटोत दाणे येतात. डोळ्याला तो काळोख सपाट वाटला तरी कॅमेऱ्याच्या लेखी तिथला प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्याहून वेगळा असतो. त्यामुळे रात्रीच्या फाइली फुगतात. जेपेगही आणि लॉसलेस रॉसुद्धा. दिवसा मोजलेल्या हिशेबावर रात्रीचं रिसेप्शन काढायला गेलात तर कार्ड तुमच्या अंदाजाआधी संपणार.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा 'उरलेले फोटो' हा आकडाही अंदाजच असतो. पुढच्या फ्रेममध्ये काय येणार हे कॅमेऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो हात राखून सांगतो. काही कॅमेरे तर लॉसलेस रॉ निवडली तरी मोजणी अनकॉम्प्रेस्डच्या हिशेबाने दाखवतात. मग दोन फोटो काढले तरी आकडा एकानेच उतरतो, आणि कार्ड खराब झालं की काय अशी शंका येते. काहीही झालेलं नसतं. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हजाराच्या वर '१.३ के' असं लिहून येतं. ते तेराशे समजायचे.

तेव्हा स्वतःची सरासरी काढा. मागच्या एका पूर्ण कार्यक्रमाचं फोल्डर घ्या, निवडून ठेवलेल्या फोटोंचं नको, सगळ्यांचं. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. समजा ८४० रॉ फाइली आहेत आणि आकार २३.४ जीबी. २३.४ गुणिले १०२४ भागिले ८४०, म्हणजे फोटोमागे सुमारे २८.५ एमबी. कार्डाचा आकडाही विंडोजचाच घ्या: ५९.६ गुणिले १०२४ भागिले २८.५. उत्तर साधारण २१४०. एका बाजूला विंडोजचं माप आणि दुसऱ्या बाजूला पाकिटावरचं, अशी सरमिसळ केली की हिशेब शेकडो फोटोंनी चुकतो. रॉसोबत जेपेगही ठेवत असाल आणि ते सरासरी १० एमबीचं असेल, तर त्याच कार्डात १५८० च्या आसपास. नुसतं जेपेग असेल तर सहा हजारांहून थोडे जास्त.

साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असं सगळं एकाच माणसाने काढायचं असेल तर अडीच हजार फ्रेम सहज होतात. रॉ अधिक जेपेगच्या हिशेबाने तेच ९४ जीबी झाले. वर पंचवीस टक्के राखीव धरा, म्हणजे ६४ ची दोन कार्डं. आणि कॅमेऱ्याला दोन खाचा असतील तर दुसरी खाच बॅकअपला लावा, म्हणजे एकूण चार कार्डं. बॅकअप लावल्यावर जागा लहान कार्डाएवढीच धरायची. रॉ एका कार्डावर आणि जेपेग दुसऱ्यावर अशी विभागणी केलीत तर दोन्ही कार्डं सारखी असताना रॉचं आधी भरतं, आणि ते भरलं की दुसऱ्यात कितीही जागा असली तरी शटर अडतं.

मध्येच व्हिडिओ काढणाऱ्यांनी हेही धरावं: १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके व्हिडिओ म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दहा मिनिटांच्या मंगलाष्टकांनी साडेसात जीबी खाल्ले, म्हणजे जवळपास अडीचशे रॉ फोटोंची जागा गेली.

कधी शटर दाबूनही फोटो निघत नाही आणि वाटतं कार्ड भरलं. सेकंदाला १० फ्रेमचा बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो), प्रत्येक फ्रेम रॉ आणि जेपेग मिळून ३९ एमबी, म्हणजे सेकंदाला ३९० एमबी तयार होतात. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची बस, म्हणजे माहिती नेणारी वाट, सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी नेते. उरलेला माल बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत, साचतो, बफर भरला की कॅमेरा थबकतो. लाल दिवा विझेपर्यंत थांबायचं. त्या वेळी कार्ड किंवा बॅटरी काढली तर लिहिली जात असलेली फाइल जाते, कधी कधी सगळं फोल्डर वाचता येत नाही. कार्डावरचा व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०. पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, तो बघून कार्ड घेऊ नका.

स्वस्तात मिळालेल्या ५१२ जीबीच्या कार्डाबद्दल कळकळीने सांगतो. बनावट कार्डात आतली चिप समजा १६ जीबीचीच असते आणि खोटा आकडा सांगायला शिकवलेली असते. कॅमेरा फोटो घेत राहतो, नावं दिसतात, चूक कुठेच येत नाही. घरी आल्यावर पहिल्या १६ जीबीनंतरचं काही उघडत नाही, किंवा सुरुवातीचंही पुसलेलं असतं. कुणाची सप्तपदी परत होत नाही. म्हणून नवं कार्ड कामावर नेण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या मोफत प्रोग्रामने काठोकाठ भरून पुन्हा वाचून घ्या. ६४ जीबीला अर्धा-पाऊण तास लागेल.

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. ६४ जीबीच्या कार्डांवर फाइली मांडण्याची एक्सफॅट नावाची पद्धत असते. जुन्या, फक्त एसडीएचसी (३२ जीबीपर्यंतची कार्डं) जाणणाऱ्या कॅमेऱ्यात असं कार्ड घातलं तर 'फॉरमॅट करू का' असं विचारलं जातं. आत फोटो असतील तर 'हो' म्हणू नका. चुकून फॉरमॅट झालंच तर त्यावर एकही नवा फोटो काढू नका, कार्ड बाजूला ठेवा. जुना मजकूर बहुतेकदा तसाच असतो आणि फोटोरेकसारख्या प्रोग्रामने परत मिळतो.

भरलेलं कार्ड काढलं की त्याच्या कडेची छोटी पट्टी लॉककडे सरकवा आणि डबीत उलटं, लेबल खाली करून ठेवा. मग सुलट दिसेल ते रिकामं, आणि गडबडीत उलटं ठेवलेलं भरलेलं कार्ड कॅमेऱ्यात गेलंच तरी त्यावर काही लिहिलं जाणार नाही.