कॉम्प्युटर रूमची चावी

नमस्कार श्रोतेहो. मी एक शिक्षिका, गणित-विज्ञानाची, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात बावीस वर्षं शिकवतेय. आज बोलायचंय ते शाळेत येणाऱ्या कॉम्प्युटरच्या पैशांबद्दल. सरकारी अनुदान असेल, कंपनीचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी असेल, आमदार निधी असेल नाहीतर गावची लोकवर्गणी, पैसा कुठूनही येऊ दे, त्यातला मशीनवर किती जातो आणि मशीन शिकवणाऱ्या माणसावर किती जातो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी एक खोली डोळ्यासमोर आणा. मी नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी आमच्या तेव्हाच्या शाळेत दहा कॉम्प्युटर आले. टेम्पो आला, खोकी उतरली, अख्खी शाळा मैदानात. नारळ फुटला, फोटो झाले, पेढे वाटले. संध्याकाळी सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि चावी हातात दिली, म्हणाले, मॅडम, तुम्ही सायन्सच्या, हे आता तुमच्याकडं. आणि डेड स्टॉक रजिस्टर पुढं सरकवलं. प्रत्येक मॉनिटर, प्रत्येक कीबोर्ड, प्रत्येक माऊस, नंबरासकट लिहिलेला आणि शेवटी माझी सही. ज्यांनी शाळेत नोकरी केलीय त्यांना माहितेय त्या सहीचं वजन काय असतं ते. एखादी वस्तू मोडली, हरवली तर पहिली विचारणा सहीवाल्याला. त्या दिवसापासून मी त्या कॉम्प्युटरची शिक्षिका कमी आणि राखणदार जास्त झाले.

मुलं दाराबाहेर चपला काढून आत यायची, हाताची घडी घालून उभी राहायची, मी एक मशीन चालू करून दाखवायचे, हा मॉनिटर, हा सीपीयू, हा माऊस, कोणी हात लावू नका. वहीत कॉम्प्युटरची आकृती काढायची, भागांना नावं द्यायची, झाला तास. मला तरी कुठं काय येत होतं. ट्रेनिंग झालं होतं दोन दिवसांचं, तालुक्याच्या ठिकाणी, एका हॉलमध्ये साठेक जण, पुढं एक पडदा, एक गृहस्थ सांगत होते आणि आम्ही लिहून घेत होतो. दोन दिवसांत माझा हात माऊसला लागला नाही. नंतर कोणी विचारायलाही आलं नाही की मॅडम, जमतंय का. ज्यांच्याकडं देखभालीचं काम होतं त्यांचा करार संपला, यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या, एका सीपीयूत उंदरांनी घर केलं. कोणाचं नाव घ्यायचं नाही मला, कारण हे एका शाळेचं दुखणं नाहीये. पण त्या चार वर्षांत जी पोरं माझ्या हाताखालून कीबोर्डला हात न लावता दहावी होऊन गेली, त्यांची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

आता आकड्यांकडं येते. समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत आयसीटी, म्हणजे माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान, म्हणून एक भाग आहे, सहावी ते बारावीच्या शाळांसाठी. लॅब उभारायला एकदाच मिळणारे जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार, आणि पुढं चालवायला वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत, ते पाच वर्षं. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, आपल्या राज्याचा ४०. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा, २०१६ साली सुरू झाल्या, तिथं शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, त्यातले १० लाख सामानाला आणि १० लाख पुढची पाच वर्षं चालवायला. म्हणजे बघा, कागदावर चालवण्याचा पैसा आहे. योजना आखणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण गावात पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य राहतं, की किती कॉम्प्युटर आले? किती शिक्षक शिकले हे कोणी विचारत नाही, कारण खोकी मोजता येतात, शिकलेला माणूस पटकन मोजता येत नाही.

हे काही आजचं नाही बरं का. १९८४-८५ साली आपल्या देशात क्लास नावाचा प्रकल्प सुरू झाला, शाळेत कॉम्प्युटर साक्षरता आणायचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न, सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळा. त्यात जी मशीन दिली ती होती बीबीसी मायक्रो, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीची. हेच मशीन ब्रिटनमध्ये १९८१ च्या शेवटाला आलं होतं, तिथल्या सरकारने शाळांना निम्मी किंमत दिली आणि बीबीसीने टीव्हीवर त्याचे कार्यक्रम केले, घरोघरी लोक शिकले. म्हणजे मशीन आणि शिकवणं हातात हात घालून गेलं. आपल्याकडं मशीन आलं, पण शिकवणं काही त्याच वेगाने गावोगावी पोचलं नाही.

आणि श्रीमंत देशाला सगळं आपोआप जमतं असंही नाही. इंग्लंडने २०१४ साली अभ्यासक्रम बदलला, जुना आयसीटी काढून कॉम्प्युटिंग आणलं, पाच वर्षाच्या पोरापासून प्रोग्रॅमिंग. २०१६ मध्ये मायक्रोबिट नावाचं हाताच्या तळव्यात मावणारं छोटं बोर्ड ब्रिटनभरच्या सुमारे दहा लाख मुलांना फुकट द्यायचं ठरवून वाटलं. आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अहवाल आला, तर इंग्लंडमधल्या निम्म्याहून जास्त शाळा दहावीच्या तोडीच्या परीक्षेला कॉम्प्युटर सायन्स हा विषयच देत नव्हत्या. शिकवणारे नाहीत! मग २०१८ पासून त्यांनी ८ कोटी ४० लाख पाउंडांचा कार्यक्रम हाती घेतला, राष्ट्रीय केंद्र काढलं, आणि ज्यांचं स्वतःचं या विषयातलं वरचं शिक्षण झालेलं नाही अशा माध्यमिकच्या आठ हजारांपर्यंत शिक्षकांना तयार करायचं ठरवलं. अभ्यासक्रम आधी, शिक्षकांचा मोठा पैसा चार वर्षांनी. मधल्या चार वर्षांतल्या शिक्षकांचे हाल मला इथं बसून समजतात.

पेरू देशाचं तर आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप ही मोहीम, तिचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याच रायगडमधल्या कर्जतजवळच्या खैराट गावात झाला होता, २००७ साली, छोट्याशा शाळेत. पेरूने मात्र ते देशभर नेलं, आठ लाखांवर लॅपटॉप घेतले. मग तिथल्या खेड्यांतल्या ३१९ शाळांचा नीट अभ्यास झाला, तो २०१२ ला प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत काहीच फरक नाही. विचार करण्याच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, तेही सांगायला पाहिजे. पण ज्या कारणासाठी एवढा पैसा ओतला ते हाती लागलं नाही.

याच्या उलट केरळ. तिथं २००१ पासून आयटी अ‍ॅट स्कूल हा कार्यक्रम चालू आहे, आता त्याला काइट म्हणतात. त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते, की शिकवणारे बाहेरून नाही आणले, शाळेतलेच शिक्षक निवडले, त्यांना पक्कं तयार केलं आणि त्यांनीच बाकीच्यांना शिकवलं. सॉफ्टवेअर सगळं मुक्त, फुकटातलं, त्यामुळं लायसनचा पैसा वाचला. आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गांत प्रोजेक्टर-लॅपटॉप पोचले ते २०१८ च्या सुमाराला, म्हणजे शिक्षक तयार व्हायला लागून पंधरा-सतरा वर्षं झाल्यावर. आणि हायस्कूलच्या पोरांचे लिटल काइट्स म्हणून क्लब, तीच पोरं लॅबकडं बघतात. आपण तिथं बघायला जातो आणि प्रोजेक्टरचे फोटो काढून येतो, त्या पंधरा वर्षांचा फोटो निघत नाही ना.

मग चांगलं ट्रेनिंग म्हणजे काय, तर माझ्यापुरतं सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रातल्या सात शिक्षकांना एक ट्रेनर मिळाला, तरुण मुलगा, महिन्यातून एकदा यायचा, वर्षभर. पहिल्याच दिवशी त्याने मला मशीनसमोर बसवलं आणि स्वतःचे हात पाठीमागं बांधून उभा राहिला. मी अडले की विचारायचा, मॅडम, तुम्हाला काय वाटतं? सांगायचा नाही. सुरुवातीला मला रागच यायचा. दुसऱ्या महिन्यापासून तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायला लागला, मी शिकवणार, तो बघणार, मग मधल्या सुट्टीत चहा घेत आम्ही बोलणार. त्या मधल्या सुट्टीत मी जे शिकले ते हॉलमधल्या दोन दिवसांत शिकले नव्हते.

एक तास सांगते. आठवीचा वर्ग, स्क्रॅचवर रांगोळी. स्क्रॅच म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा, फुकट आहे, इंटरनेट नसलं तरी चालतं, ठोकळे जोडत जायचे. पेन खाली ठेव, शंभर पावलं जा, नव्वद अंशात वळ, हे चार वेळा, झाला चौकोन. मग तो चौकोन ३६ वेळा काढायचा आणि दर वेळी १० अंश वळायचं, सुंदर फूल तयार होतं. एका मुलीला एवढ्या दाट पाकळ्या नको होत्या, तिने ३६ चे १२ केले आणि १० चे २५. फूल एका बाजूला उघडंच राहिलं. पूर्वीची मी असते तर लगेच म्हणाले असते, अगं चुकलं, ३० घाल. पण आता मीही हात पाठीमागं बांधले. ती पोरगी बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसली, मग बोटाने हवेत गोल काढला, मग वहीच्या मागच्या पानावर गुणाकार. आणि एकदम ओरडली, मॅडम, बारा पंचवीस तीनशेच होत्यात, साठ कमी पडल्यात! पूर्ण फेरी म्हणजे ३६० हे मी तिला भूमितीत दोन वेळा शिकवलं होतं, पण तिचं स्वतःचं झालं ते त्या दिवशी. जुनीच मशीन होती हो ती, चार चालू, सहा बंद, एका मशीनवर पाच-पाच पोरं.

हे सगळं व्हायला पैसा लागला का, तर लागला. त्या मुलाचा पगार, प्रवास, आमचा एसटीचा खर्च, जेवण. शिवाय एक खर्च कोणत्याच प्रस्तावात दिसत नाही. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक ट्रेनिंगला गेला की दुसऱ्याने सगळे वर्ग सांभाळायचे, म्हणून मग तो जातच नाही, किंवा जातो आणि सारखा फोनवर असतो. त्या दिवसापुरता बदली माणूस मिळाला, गावातलीच एखादी बीएड झालेली मुलगी, तर त्याला फार पैसे लागत नाहीत, पण ती ओळ प्रस्तावात लिहिलेली पाहिजे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास शिकायचं असंही लिहिलंय. ते पन्नास तास फोनवर व्हिडिओ लावून संपवायचे, की वर्गात कोणीतरी शेजारी बसून, हे पैशावरच ठरतं.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत, सरपंच आहेत, मुख्याध्यापक आहेत, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. कंपनी कायदा २०१३ मधल्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. कंपनीचा माणूस तुमच्याकडं आला आणि म्हणाला, आम्ही वीस टॅब देतो, तर लगेच हो म्हणू नका. विचारा, साहेब, दहाच द्या, उरलेल्यात वर्षभर महिन्यातून दोन दिवस वर्गात बसणारा माणूस द्याल का? वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती कोण करणार? विजेचं बिल कशातून भरायचं? आणि मोडलं तर शिक्षकाला जबाबदार धरायचं नाही, हे आपल्या समितीच्या ठरावात लेखी घ्या. हा शेवटचा ठराव करायला एक पैसाही लागत नाही, समितीच्या एका मीटिंगचं काम आहे.

आम्ही हे करून बघितलंय. मागच्या वर्षी एक देणगीदार आले होते, पंधरा टॅब द्यायचे म्हणून. आमच्या समितीतल्या एक ताई, पाचवी शिकलेल्या, शेतमजुरी करतात, त्यांनीच विचारलं, पण मॅडमना शिकवायला कोण येणार? ते गृहस्थ थांबले, म्हणाले, हा विचार केला नव्हता. आठ टॅब आले आणि ट्रेनर जूनपासून येतोय, महिन्यातले दोन शनिवार. डेड स्टॉक रजिस्टरवर आता समितीचीही सही आहे. चावी दाराशेजारच्या खिळ्याला असते, मधल्या सुट्टीत जो पहिला येईल तो उघडतो.

नमस्कार.