मांगची लाईन

(दृश्य : पहाट, धुकं. शाळेमागचं मैदान. एका गोलपोस्टला गाय बांधलेली आहे.)

वर्धा नदीच्या काठचं हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा-भद्रावतीच्या कोळसा पट्ट्यात येतं. गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. कोच सरांनी कॅमेऱ्यासमोर यायला तीच एक अट घातली होती. "व्हिडिओ सगळेच पाहतेत. सामोरच्या टीमले कळलं का आमी मांगं तीन ठेवतो का चार, तं मंग मेहनतीचं काय?"

म्हणून गावाला नाव नाही, माणसांनाही नाहीत. गायीचं नाव मात्र सांगायला हरकत नव्हती. पण ती कोणाची हेच कोणी कबूल करेना.

(दृश्य : गाय सोडून नेली जाते. गोलची जाळी जवळून.)

जाळी नीट पाहिली तर लक्षात येतं, ही मासे धरायची आहे. नदीवरच्या ढिवरांनी जुनं जाळं दिलं, पोरांनी ते दोरीनं पोस्टला शिवलं. मागच्या मोसमात त्यात बॉल फार अडकले. आपल्याच बाजूच्या जाळीत, म्हणजे नको त्या बाजूला.

या भागात फुटबॉल खाणीतून आला. नागपूरजवळच्या कामठीत तो छावणीमुळे पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो, इकडे तो कॉलनीच्या मैदानावरून गावात शिरला. १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स झाली. या गावची माणसं पाळीवर जायची आणि पाळी सुटली की कॉलनीच्या पोरांचा खेळ पाहत उभी राहायची. पाहता पाहता एकानं बॉल मागितला. गावातली म्हातारी माणसं एवढंच सांगतात, आणि तो बॉल परत दिला का, यावर अजून भांडतात.

(दृश्य : पिठाची चक्की. पिठानं पांढरी झालेली भिंत, त्यावर कोळशाच्या रेघा.)

टीमचा इतिहास कुठं लिहून ठेवलेला असेल तर तो इथं, चक्कीच्या भिंतीवर. गावची टीम गोल खाते तेव्हा चक्कीवाले काका एक रेघ ओढतात. केलेल्या गोलांची रेघ नाही. का, असं विचारलं, तर दळण थांबवून म्हणाले, "केलेले तं समदेच मोजतेत. खाल्लेले मोजाले कोन्ही पाह्यजे का नाही?"

मागच्या वर्षीच्या रेघा एकमेकींना इतक्या खेटून आहेत की लांबून चटईच वाटते. शेवटच्या तीन जरा बाजूला, ठळक. त्या सेमी फायनलच्या. पहिल्या हाफला आपण दोन गोलांनी पुढं होतो. मग समोरच्यांनी एकच धंदा केला. मधूनच उंच बॉल उचलायचा आणि आपल्या बॅकच्या, म्हणजे मागं राहून गोल वाचवणाऱ्यांच्या, डोक्यावरून मागं टाकायचा. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा फसलो आणि तिसऱ्यांदाही तसेच फसलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत येताना कोणी बोललं नाही. काका मात्र त्याच रात्री चक्की उघडून भिंतीशी गेले.

त्यानंतर गावात जे झालं ते हरल्यावर कोणत्याही गावात होतं. किपरला शिव्या, कोचला शिव्या, आणि ज्यांना पन्नास पावलं पळता येत नाही त्यांचे पानठेल्यावर धडे. जुना कोच आपणहून बाजूला झाला. भला माणूस होता. पण त्याच्या डोक्यात फुटबॉल म्हणजे पुढं जाणं, आणि मागं कोण आहे हे पाहायला त्यानं कधी मान वळवली नाही.

(दृश्य : मोटारसायकलवरून येणारे कोच सर. मागच्या सीटवर बॉलची पिशवी.)

तान्हा पोळा झाला आणि दोन दिवसांनी नवे सर आले. खाणीतून निवृत्त. उमेदीत कॉलनीच्या टीमला राईट बॅक. सोबत आणखी दोघं आली आणि गावानं पहिल्यांदा 'कोचिंग स्टाफ' हा शब्द वापरायला सुरुवात केली, आधी थट्टेत, मग खरोखर.

दोघांतला एक किपरला शिकवतो. हा जिनिंगमध्ये गठाणी उचलतो, आणि त्याचे पंजे पाहिले की किपरला का शिकवतो ते विचारावं लागत नाही. दुसरी गावचीच मुलगी. पोलीस भरतीची तयारी करते. तिला आठशे मीटर पळायचं असतं, मुलांना सोळाशे. रोज पहाटे ती रस्त्यावर एकटीच पळायची. सर म्हणाले, एकटी काऊन पळतं, यायले घेऊन पळ. पहिल्या आठवड्यात टीममधल्या निम्म्या पोट्ट्यांना तिच्या मागं राहून लाज आली. दुसऱ्या आठवड्यात लाज गेली, दम आला.

(दृश्य : मैदानात सर काठीनं रेघ ओढतात. चार पोरं रेघेवर उभी.)

आता मुद्द्याचं. मागची लाईन.

चारांपैकी तीन जण नवे आहेत. मधला स्टॉपर तर कालपर्यंत आपला स्ट्रायकर होता, गावचा लाडका, मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गोल त्याचे. त्याला मागं ओढला तेव्हा पानठेला पेटला. सर शांत होते. "थो चोर आहे. चोराले चोराची वाट माहीत असते."

हे ऐकून एका म्हाताऱ्या शौकिनानं उलट्या बाजूचा दाखला काढला. १९६२ची जकार्ताची एशियन गेम्स. जर्नैलसिंग मूळचा स्टॉपर. डोक्याला जखम, टाके पडलेले, आणि कोच रहीम साहेबांनी त्याला पुढं खेळवलं. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला गड्यानं. भारत २-१नं जिंकला, सुवर्णपदक. "मांगचा पुढं जाऊन जिंकवू शकते, तं पुढचा मांगं येऊन काऊन नाही?" यावर पानठेल्याजवळ उत्तर नव्हतं. जे उत्तर होतं ते तंबाखूच्या तोंडानं देता आलं नाही.

(दृश्य : शेताच्या धुऱ्यावरची सोलर झटका मशीन. तारेवर दवाचे थेंब.)

ऑफसाईड समजावून सांगायला सरांनी फळा वापरला नाही. पोरांना वावरात नेलं.

इकडे रानडुक्कर आणि रोही रात्रीतून हरभऱ्याची वाट लावतात. म्हणून धुऱ्यानं तार ओढून झटका मशीन बसवतात. तारेला जनावर टेकलं की झटका बसतो, मरत नाही, पण मागं फिरतं. आता ही तार एका जागी गवतात लोंबली, ओल्या बुंध्याला टेकली, की करंट तिथंच जमिनीत उतरतो. मग बाकी सगळी तार ताठ असून कामाची नाही. डुकराला हे कसं कळतं देव जाणे, पण ते बरोब्बर त्या रात्री येतं.

"चार जन म्हंजे तार," सर म्हणाले. "तिघं वर आले अन्‌ एक मांगंच रेंगाळला, का गेला करंट."

ऑफसाईडचा नियम याहून नेमका कोणी सांगितलेला मी तरी ऐकलेला नाही. बॉल पुढं दिला जातो त्या क्षणी समोरचा खेळाडू आपल्या हाफात असून बॉलपेक्षा आणि आपल्या शेवटून दुसऱ्या माणसापेक्षाही आपल्या गोलच्या जवळ असला तर तो ऑफसाईड. शेवटचा बहुतेक किपर असतो, म्हणून हिशोब त्या चौघांतल्या सगळ्यात मागच्यावर येतो. १९२५च्या आधी दुसऱ्याऐवजी तिसरा माणूस मोजत, तेव्हा एकदम वर सरकून समोरच्याला ऑफसाईडच्या सापळ्यात पकडणं सोपं होतं. आता एकाची डुलकी पुरते. सेमी फायनलचे तिन्ही गोल असेच गेले. तिन्ही वेळा तिघं वर, एक गवतात.

(दृश्य : रात्र. विहिरीवरची मोटार, पाटातून वाहणारं पाणी, मोबाईलचा उजेड.)

डुलकी हा इथं नुसता खेळातला शब्द नाही. डावा बॅक एकोणीस वर्षांचा. या आठवड्यात त्यांच्या वावराला रात्रीची लाईन आहे. म्हणजे वीज रात्री येणार, ओलीत रात्री होणार, आणि सहा वाजता मैदानावर हजेरी. आम्ही एक रात्र त्याच्यासोबत काढली. एक दांड भरला की फावड्यानं माती सारायची, पाणी दुसऱ्या दांडात सोडायचं, मधल्या पंधरा मिनिटांत धुऱ्यावर बसून मोबाईल. गाणी नाहीत, रील नाहीत. भारताचा बॅक संदेश झिंगन कसा उभा राहतो ते पाहतो.

भारताच्या टीमचं तो इतक्या जवळच्या माणसासारखं बोलतो की आम्ही कॅमेरा चालूच ठेवला. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील कोच झाले, तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या जागी बसला. मिझोरामच्या आयझॉल क्लबला ज्यानं २०१७मध्ये आय-लीग जिंकून दिली तो माणूस. आधी मागचं दार लावून घेणारा. म्हणून या पोराला आशा. सुरुवात झालीही तशी. काफा नेशन्स कप या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१नं हरवलं. इराणविरुद्ध झिंगनच्या गालाचं हाड मोडलं, पण तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. ऑक्टोबरमध्ये सिंगापुरात झिंगनला रेड कार्ड मिळालं, दहा जणांनी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी केली. इथवर सांगताना त्याचा आवाज चढत गेला.

मग फावडं घेऊन उठला. दांड भरला होता.

परत आला तेव्हा उरलेलं दोन वाक्यांत संपवलं. मडगावला सिंगापूरनं आपल्याला २-१नं हरवलं, २०२७चा एशियन कप गेला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही १-०नं हरलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"मंग आता?" आम्ही विचारलं.

"मंग काय. कोचले टाइम तं द्या लागते ना भाऊ." थोड्या वेळानं, पाण्याकडे पाहत, "आमच्या सरलेबी."

(दृश्य : मैदानाच्या कडेला बाज. त्यावर बसलेली आजी.)

किपरची आजी प्रॅक्टिसलाही बाज टाकून गोलच्या मागं बसते. तिचा नवरा चाळीस वर्षं लोकांच्या वावरात जागल करायचा. माळ्यावर बसून डबा वाजवायचा, हाका द्यायचा, रातभर. फुटबॉलमधलं तिला काय कळतं, असं वाटलं होतं. तिनं नातवाकडे न पाहता चार बॅककडे बोट दाखवलं.

"हे बोलत नोहोते एकमेकाशी. मुक्यानं जागल होते का? हा इकडून हाक देते, थो तिकडून देते, तवा डुकराले वाटते मानूस आहे. आता सरनं बोलाले लावलं." मग जरा थांबून, "पीक घरी आलं तं मालकाचं. डुक्कर शिरलं तं जागल्याचं. माह्या मानसाचं जलमभर तेच झालं."

खरंच, मैदानावर आता कलकलाट असतो. "वर! वर! माह्या मांगं! सोड त्याले!" जुन्या शौकिनांना हा गोंगाट आवडत नाही. मला आवडला. पण एक शंका तिथंच आली, ती सांगून टाकतो. सर स्वतः बॅक होते, त्यामुळे पुढच्या पोरांना ते विसरलेच आहेत. सराव सामन्यांत गोल खाल्ले कमी, हे खरं. केले किती, ते विचारल्यावर सर्वांनी चक्कीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं ते लिहीत नाहीत.

आणि चौघं एकत्र उभे राहिले किती वेळा? सोयाबीनची मळणी, मग कापसाची वेचणी, एकाची खाणीत ठेकेदाराकडे पहिली पाळी, एक शंकरपट म्हटलं की बैलांमागं गायब. संध्याकाळी उशिरा खेळता येत नाही. रस्ता झाडीतून आहे आणि वाघ इथं फक्त ताडोब्यात राहत नाही. दिवस मावळायच्या आत सगळे घरी. म्हणजे सगळं उरलं पहाटेवर, आणि पहाट रात्रीच्या लाईनवर. शेवटी गावानंच तोड काढली. डाव्या बॅकच्या ओलिताला आठवडाभर दुसरे शौकीन पाळीनं गेले. पानठेल्यावरचा सगळ्यात मोठा टीकाकार पहिल्या रात्री फावडं घेऊन उभा होता. कॅमेरा पाहून म्हणाला, "हे दाखवू नका."

(दृश्य : ट्रॅक्टरची ट्रॉली. पोरं, ढोल, आजीची बाज.)

संक्रांतीनंतरची टूर्नामेंट, पहिला सामना. दोन हाफ, पस्तीस-पस्तीस मिनिटं. समोर तीच टीम, जिनं मागच्या वर्षी सेमी फायनलला उंच बॉल टाकले होते. नशिबाची चिठ्ठी अशीच निघते.

मैदानाच्या कडेला चक्कीवाले काका उभे. आज चक्की बंद. खिशात कोळशाचा तुकडा, आम्ही विचारलं नाही, त्यांनीच दाखवला.

(दृश्य : शिट्टी. आवाज चढतो. निवेदन हळू.)

पहिली तीन मिनिटं नुसती ढकलाढकल. चौथ्या मिनिटाला त्यांच्या मधल्यानं मान वर केली, आणि ट्रॉलीतून आलेल्या प्रत्येक माणसाला पुढचं माहीत होतं. बॉल उचलला गेला. त्याआधीच्या अर्ध्या क्षणात "वर!" अशी हाक आली, स्टॉपरची, आणि चौघं पुढं सरकले. चौघं. डावा बॅकसुद्धा. त्यांचा स्ट्रायकर एकटा मागं पळत सुटलेला, आणि बाजूच्या रेघेवर झेंडा वर.

ढोल वाजला. आजीनं बाजेवर हात आपटला. सरांनी काहीच केलं नाही, घड्याळ पाहिलं.

काकांचा हात खिशातच होता.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"चार मिनिटं."

"म्हंजे सहासष्ट रायले अजून," काका म्हणाले, आणि रेघेच्या एक पाऊल आणखी जवळ जाऊन उभे राहिले.