तासभर पुढे, तासभर मागे

[दृश्य: रविवार दुपार. मंगळवार पेठेतलं स्वयंपाकघर. गॅसवर दोन पातेली.]

मार्चमधला दुसरा रविवार. कोल्हापुरात दुपारचे साडेबारा. तांबडा उकळायला लागलाय, पांढऱ्यासाठी नारळाचं दूध काढून ठेवलंय, भाकरी अजून व्हायच्यात. याच मिनिटाला न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे दोन वाजायला हवेत, पण वाजत नाहीत. एक एकोणसाठनंतर घड्याळ थेट तीनवर जातं. मधला तास सरकारी हुकमानं गायब. याला तिकडे ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’ म्हणतात: उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे, हिवाळ्यात परत मागे. तो परत मिळणार नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

इथे कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे, बहुतेकांना. ज्यांची लेक न्यू जर्सीत आहे, त्यांना लागतो. ती तिकडे रात्री आठला जेवण उरकून फोन लावते. कालपर्यंत इथे तेव्हा सकाळचे साडेसहा असायचे, आता साडेपाच. ‘अगं, आमची आंघोळ तरी होऊ दे’, हे वाक्य मार्चमध्ये कोल्हापुरातल्या किती घरांत म्हटलं जात असेल, देव जाणे.

[दृश्य: शिरोली एमआयडीसी. फौंड्रीच्या ऑफिसात भिंतीवर ओळीनं तीन घड्याळं.]

दुसरी जागा ही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्र्यांमधलं कास्टिंग (धातू वितळवून साच्यात ओतलेले भाग) परदेशात जातं. जर्मनीतलं गिऱ्हाईक हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेदहा तास मागे, मग साडेनऊ. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोप बदलतो शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क सरकलेलं आणि फ्रँकफर्ट जागेवरच. दोघांना एकत्र घेऊन मीटिंग लावायची म्हटलं की एक्स्पोर्ट सांभाळणाऱ्या पोरांची पंचाईत. बदल करणारे तिकडे आणि आकडेमोड करणारे आम्ही.

आता प्रश्न असा, की हे मुळात करायचं कशाला? आणि पुढेही करत राहायचं का?

[दृश्य: जुन्या लंडनची छायाचित्रं.]

विल्यम विलेट हा लंडनकडचा घरं बांधणारा बिल्डर. उन्हाळ्यात भल्या पहाटे घोड्यावरून फेरफटका मारायचा, आणि ऊन चढलं तरी लोकांच्या खिडक्यांचे पडदे बंदच असायचे. त्याचा जीव तुटायचा. १९०७ साली त्यानं एक पुस्तिका छापली आणि उपाय सुचवला: एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं घड्याळ पुढे करा, सप्टेंबरमध्ये तसंच मागे आणा. माणूस चिकाटीचा होता, पण त्याची हयात खासदारांच्या मागे फिरण्यात गेली. तो १९१५ साली वारला आणि पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला म्हणून, आधी जर्मनीनं आणि मागोमाग ब्रिटननं घड्याळ तासभर पुढे केलं. लोकांनी लवकर उठावं हे विलेटचं म्हणणं युद्ध आल्यावरच सरकारला पटलं.

शेतकऱ्यांच्या सोयीसाठी हे सुरू झालं, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा तर याला कडाडून विरोध होता. गाय घड्याळ बघून पान्हा सोडत नाही, आणि दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही. आपल्याकडे गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढतात. त्या म्हशीला सांगून बघा, की आजपासून सहा म्हणजे सात.

विलेटची तक्रार त्याच्या गावापुरती मात्र खोटी नव्हती. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये आठही भरत नाही. घड्याळ हलवलं नाही, तर जूनमध्ये तिथे पावणेचारला सूर्य उगवेल. एवढं ऊन झोपेत घालवायचं म्हटल्यावर कुणालाही हळहळ वाटेल.

[दृश्य: रंकाळा, सकाळ. फिरायला आलेली माणसं.]

आता आपलं गाव बघू. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण पावणेसतरा अंशांवर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर, सर्वांत लहान अकरा तासांच्या थोडा वर. फरक दोन तासांचाही नाही. मेअखेरीस सूर्य सहाला उगवतो, जानेवारीच्या मध्यावर सात वाजून पाच मिनिटांनी. वाचवायला इथे ऊन शिल्लकच कुठे आहे?

भारताची प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. कोल्हापूर तिच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश चालायला चार मिनिटं लागतात. म्हणून आपल्या घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर आलेला नसतो. सरासरीनं बोलायचं तर तो बारा तेहतीसला येतो. सोप्या भाषेत, कोल्हापूर बारा महिने अर्धा तास पुढे केलेल्या घड्याळावरच चालतंय. विलेटला जे उन्हाळ्यापुरतं हवं होतं, त्यातलं जवळपास निम्मं आपल्याला कायमचं मिळालेलं आहे आणि आपण त्याची दखलसुद्धा घेतलेली नाही.

[दृश्य: अंबाबाई मंदिर, पश्चिमेचं महाद्वार. मावळतीचं ऊन.]

सूर्य आणि घड्याळ यांचं नातं किती सैल असतं, ते डोळ्यांनी बघायचं असेल तर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला यावं. परंपरेनं तो ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप ओलांडतात, कासव चौकात येतात, मग पितळी उंबरा. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले असतात. पहिल्या दिवशी ऊन चरणांपर्यंत पोचतं, दुसऱ्या दिवशी वर सरकतं, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. अर्थात सगळं जुळून आलं तर. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं, समोरच्या वस्तीतलं बांधकाम मध्ये आलं, की किरणं वाटेतच विरतात आणि गर्दी हळहळत बाहेर पडते.

यातली गंमत तारखांमध्ये आहे. नोव्हेंबर आणि जानेवारीअखेर, या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच ठिकाणी मावळतो. म्हणून तर किरणं दोन्ही वेळा त्याच वाटेनं आत येतात. दिवसाची लांबीही जवळपास तितकीच. पण घड्याळ लावून बघा. ९ नोव्हेंबरला कोल्हापुरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला, आणि ३१ जानेवारीला साडेसहाच्या सुमाराला. तेच देऊळ, सूर्याची तीच वाट, आणि वेळेत जवळपास अर्ध्या तासाचा फरक. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, त्यामुळे खरा सूर्य कधी घड्याळाच्या पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो, जानेवारीअखेर तेरा मिनिटं मागे. देवळात दिवे केव्हा मालवायचे, हे ऊन बघून ठरतं. कुठल्याही सरकारनं घड्याळ तासभर सरकवलं तरी पितळी उंबऱ्यावर ऊन तेव्हाच येणार.

[दृश्य: मुंबईतल्या जुन्या टॉवरचं घड्याळ.]

आपल्याकडेही घड्याळावरून भांडणं झाली आहेत, बरं का. १ जानेवारी १९०६ पासून इंग्रजांनी देशभर एकच वेळ लागू केली. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटं पुढे होती. गिरणी कामगार खवळले, कारण भोंगा तितका आधी होणार आणि तितकं आधी उठायचं त्यांना होतं. मुंबईनं आपली जुनी वेळ सोडायला किती वर्षं घेतली असतील? १९५५ उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात तर हिंदुस्थानचं घड्याळ आणखी तासभर पुढे गेलं होतं, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. म्हणजे हा प्रयोग आपण सलग तीन वर्षं करून बसलोय. युद्ध संपलं, तसा तोही गुंडाळला.

शेजाऱ्यांनीही करून पाहिलं. पाकिस्ताननं २००२, २००८ आणि २००९ मध्ये. बांगलादेशनं जून २००९ मध्ये, विजेचा तुटवडा होता म्हणून. उन्हाळा सरला, हिवाळा आला, घड्याळ मात्र पुढेच राहिलं आणि पोरं अंधारात शाळेला निघायला लागली. वर्षअखेरीस तो हुकूम मागे घ्यावा लागला.

भारतात तीच मागणी वेगळ्या रूपात उठते. आसाम-अरुणाचलमध्ये सूर्य फार लवकर उगवतो आणि कचेऱ्या सुटेपर्यंत काळोख होतो. चहाच्या मळ्यांत तर घड्याळ तासभर पुढेच ठेवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशात दोन वेगळ्या प्रमाणवेळा ठेवायचा आराखडा मांडला. त्याआधी बंगळुरूच्या अभ्यासकांनी सुचवलं होतं, की साऱ्या देशाचं घड्याळ कायमचं अर्धा तास पुढे करा, संध्याकाळची वीज वाचेल. आसामला ते सोयीचं. पण कोल्हापुरात मग जानेवारीत सूर्य उगवणार सात पस्तीसला. सकाळच्या अधिवेशनातल्या मुलांच्या रिक्षा सव्वासहा-साडेसहापासून गल्लीत हॉर्न वाजवायला लागतात. आत्ताच ती पोरं झुंजूमुंजू होताना अर्धवट झोपेत दप्तर ओढत असतात. त्यांना आणखी अर्धा तास काळोखात ढकलणं मला पटत नाही.

[दृश्य: करवीर तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा. मार्च. सकाळची प्रार्थना.]

कारण आपल्याकडे एक साधी रीत आधीपासून आहे, आणि तिला कुणी धोरण वगैरे म्हणत नाही. मार्च लागला, ऊन तापलं, की ‘सकाळची शाळा’ सुरू होते. घड्याळाला कुणी हात लावत नाही. फळ्यावर नवीन वेळ लिहिली जाते, पोरं घरी जाऊन सांगतात, संपलं. उलट टोकाची गोष्टही झाली. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. तालमीतला पैलवान पहाटे उठून जोर काढतो, ऊसतोड मजूर काळोखातच फडात उतरतात, आणि गुजरीतलं सराफाचं दुकान दहानंतर उघडतं. प्रत्येक धंदा आपली वेळ स्वतः ठरवतो. सगळ्यांना एका दोरीनं ओढायची गरजच काय?

पश्चिमेला हे आता कळतंय, पण सोडवत नाही. युरोपीय आयोगानं २०१८ मध्ये लोकांना विचारलं, तर ४६ लाख उत्तरं आली आणि ८४ टक्के म्हणाले, बंद करा. त्यांच्या संसदेनंही २०१९ मध्ये तसं मत दिलं. तरी घड्याळं अजून फिरताहेत, कारण कायम ठेवायची ती उन्हाळ्याची वेळ की हिवाळ्याची, यावर सदस्य देशांचं एकमत होत नाही. अमेरिकेत सिनेटनं २०२२ मध्ये कायमच्या उन्हाळी वेळेला मंजुरी दिली, प्रतिनिधीगृहात ते अडकलं. गंमत म्हणजे अमेरिकेनं हे आधी करून पाहिलं होतं. तेलटंचाईच्या काळात, जानेवारी १९७४ मध्ये, उन्हाळी वेळ वर्षभरासाठी लावली. पोरं काळोखात बसची वाट बघायला लागली, पालक चिडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माघार. रशियानंही २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये ती टाकून हिवाळी घेतली.

वीज वाचते का? इंडियाना राज्यानं २००६ मध्ये सगळीकडे घड्याळ बदलायला सुरुवात केली, तेव्हा अभ्यासकांनी घरगुती बिलं तपासली. वापर साधारण एक टक्क्यानं वाढलेला निघाला. दिव्याचा खर्च वाचला, पण एसी आणि हीटरनं तो खाऊन टाकला. स्वीडनमधल्या नोंदींवरून दिसलं, की वसंतातल्या बदलानंतरच्या दिवसांत हृदयविकाराचे झटके थोडे वाढतात. अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर सांगतात, बदल थांबवा आणि सूर्याच्या जवळची, म्हणजे हिवाळी वेळ ठेवा. मला त्यांचं म्हणणं पटतं. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक देशापुरतं तेच केलं.

[दृश्य: रात्र. पंचगंगेकाठचा ऊस. बांधावर बॅटरीचा उजेड.]

कोल्हापुरातला वेळेचा खरा झगडा मात्र इथे आहे. शेतीपंपाला थ्री फेज वीज मिळते ती चक्राकार पद्धतीनं, दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली, की शेतकरी बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो. उसात साप असतो, डोंगराकडेला गवा उतरतो. दिवसा वीज द्या, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या दारात शेतकरी धरणं धरून बसले होते. त्यांना घड्याळ पुढे-मागे करून नको होतं, पाळी बदलून हवी होती.

फौंड्रीतही तेच. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उद्योगांना वीज सवलतीत मिळायची, म्हणून भट्ट्या रात्री लागायच्या आणि मेल्टिंगवाले कामगार रात्रपाळी करायचे. आता सौर वीज दुपारी मुबलक तयार होते, तशी सवलत दिवसाकडे सरकायला लागली आहे. शेतीलाही सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज द्यायचं काम सुरू आहे. दर युनिटमागे रुपया-दीड रुपया इकडचा तिकडे झाला, की कारखान्याचा मालक पाळी बदलतो. पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या धातूचा पहिला घाणा, रात्री दहाला काढायची की सकाळी दहाला, याचा हिशेब तो वीजबिल समोर ठेवून करतो.