रूळ रस्त्यात बुजले, तेव्हा ट्राम टिकली

लंडनच्या दगडी रस्त्यावर दोन घोडे पंचवीसेक माणसांची बस ओढायचे. तीच जोडी रुळांवरच्या ट्रामला जुंपली, की पन्नासच्या आसपास माणसं न्यायची. लोखंडी रुळावर चाक सहज फिरतं, घोड्याला जोर कमी लागतो.

हे लंडनकरांना दाखवून द्यायला आला जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाचा अमेरिकन. 1860 मध्ये त्यानं लिव्हरपूलसमोर, नदीपलीकडच्या बर्कनहेडला घोड्यांची ट्राम सुरू केली होती. 23 मार्च 1861 ला मार्बल आर्चजवळून त्याची लंडनमधली पहिली ट्राम निघाली.

आता त्याचा रूळ नीट बघा. आकार पायरीसारखा. ट्रामचं चाक खालच्या सपाट पट्टीवरून जायचं आणि वरची कड रस्त्याच्या वर डोकं काढून असायची. येणाऱ्याजाणाऱ्या बग्ग्यांची चाकं त्या कडेला अडकायची. त्यातून हा भाग बग्ग्या बाळगणाऱ्या श्रीमंतांचा! मोठी ओरड झाली, रस्ता खराब केला म्हणून जॉर्ज ट्रेनवर खटला झाला, आणि 1862 मध्ये लंडनमधला त्याचा शेवटचा मार्गही उखडला गेला. ट्रामची कल्पना चांगलीच होती, नडली ती ही कड. बर्कनहेडला रूळ बदलले, तिथली ट्राम चालू राहिली.

1870 मध्ये लंडनमध्ये ट्राम परत आली, ती खाचेच्या रुळांवर. हे रूळ रस्त्याच्या पातळीत बुजवलेले. दक्षिणेत ब्रिक्स्टन ते केनिंग्टन, पूर्वेकडे व्हाइटचॅपल ते बो. सिटी हा लंडनचा जुना व्यापारी भाग आणि वेस्ट एंड हा श्रीमंतांचा, या दोघांनी तिला आत येऊ दिलं नाही. भाडं मैलाला एक पेनी. मजुरांसाठी पहाटे वेगळ्या गाड्या सुटायच्या, त्यांचं भाडं अर्धी पेनी. रोज कामावर पायी जाणाऱ्या माणसाला आता गाडी परवडू लागली, आणि ट्रामचं खरं मोठेपण आम्हाला यातच दिसतं.

त्याची किंमत घोड्यांनी मोजली. एक जोडी काही तासच काम करू शकायची, म्हणून एका ट्रामसाठी दिवसाला दहा-बारा घोडे लागत. गाडी एकदा चालू लागली की ओढणं सोपं. पण थांबलेली, माणसांनी भरलेली ट्राम जागची हलवताना सगळा ताण खांद्यांवर आणि पायांवर यायचा, आणि हे दर थांब्यावर. चढ आला की पुढे आणखी एक घोडा जुंपायचे. चार-पाच वर्षांत घोडा या कामातून बाद व्हायचा.

1901 मध्ये पश्चिम लंडनमध्ये विजेची ट्राम धावू लागली. घोड्यांची शेवटची ट्राम 1915 मध्ये बंद झाली.