दुधाच्या पिशवीचा कोपरा

नमस्कार मंडळी! चहा झाला का? झाला असेल तर जरा ओट्याकडे एक नजर टाका आणि दुधाची पिशवी कुठे पडलीय ते बघा. सिंकमध्ये? चहाच्या चोथ्यात? की पिशवी एकीकडे आणि तिचा कापलेला कोपरा भलतीकडेच? हे मी विचारतेय कारण आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालायचं आणि मी मात्र सोसायटीत ऐटीत सांगायचे, आम्ही ना ओला सुका वेगळा करतो हं.

माझ्या सासूबाई दुधाची पिशवी धुवायच्या आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून ठेवायच्या, वाळली की आपोआप खाली पडायची, मग गठ्ठा करून रद्दीवाल्याला. आम्ही हसायचो त्यांना. चार पैशांसाठी काय ही टाइल्सची शोभा, असं मी बोलूनही दाखवलंय, आता सांगायला लाज वाटते.

मग एकदा खाली गेले तर आमच्याकडे कचरा घ्यायला येतात त्या ताई गेटपाशी बसून सुका कचरा निवडत होत्या, आणि नेमकी आमचीच पिशवी उघडली होती. त्यातून दुधाची पिशवी काढली, आंबलेलं दूध हातावर ओघळलं. मला म्हणाल्या, "ही कोण घेणार ओ ताई? वास आला की दुकानदार बाजूला काढतो." चिडून नाही, अगदी सहज म्हणाल्या. मी काय बोलणार!

मंडळी, आपल्याला वाटतं की कचरा जातो आणि कुठेतरी मोठं मशीन असतं ते सगळं वेगळं करतं. पण आमच्या पुण्यात तरी बहुतेक हे हातांनी होतं, आणि ते हात बहुतांशी बायकांचे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, २००८ पासून महापालिकेच्या करारावर त्या घरोघरी कचरा घेतात. घरटी मिळणारे पैसे असतातच, पण सुका माल विकून येतात ते पण त्यांचेच. म्हणजे मी आमटी सांडलेला डबा सुक्यात टाकते तेव्हा त्याच पिशवीतला चांगला कागद पण भिजवते, आणि तो भाव त्यांच्या हातून जातो. हे कळल्यावर मला तो ओला सुका प्रकार नीट समजला, त्याआधी नुसतेच दोन रंगांचे डबे होते.

दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं बरं का, त्याला गिऱ्हाईक आहे. २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हाही जाड दुधाच्या पिशव्या चालू ठेवल्या, पण परत गोळा करायच्या अटीवर. अडचण त्या कोपऱ्याची आहे. नखाएवढा तुकडा, तो कोण वेचणार, वाऱ्याने उडतो आणि गटारात जातो. म्हणून कात्री पूर्ण फिरवायचीच नाही, चीर द्यायची आणि तुकडा पिशवीला लटकत ठेवायचा, बास.

धुवायला पाणी किती जातं असं लगेच कोणीतरी विचारणार. अहो, तांदूळ धुतलेलं पाणी असतंच की, ते घालायचं, हलवायचं, ओतायचं. लख्ख नको, वास गेला आणि सुकली की झालं. जॅमची बरणी, दह्याचा डबा, सॉसची बाटली सगळ्यांना हाच नियम.

आता बाटल्यांखालचा त्रिकोण आणि आकडा. मला वाटायचं त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होणारच! तसं नाही, तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, तिचे तुकडे करून धुतात आणि त्याचा धागा पण होतो, म्हणजे टीशर्टसुद्धा बनतो. गंमत म्हणजे बाटलीचे तुकडे पाण्यात बुडतात आणि झाकणाचे तरंगतात, त्यावरून ते वेगळे करता येतात. बाटली रिकामी करा, दाबा आणि द्या.

वेफर्सच्या पाकिटाचं मात्र खरं सांगायचं तर काही खरं नाही. आतून चंदेरी दिसतं ना, ते थरावर थर चिकटवलेलं असतं, सुटं करणं अवघड, म्हणून भंगारवाला घेत नाही. जिथे सोय आहे तिथे ते सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. याला रिसायकलिंग म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. कमी आणणं एवढंच हातात आहे. (आणि ते आमच्या घरात जमत नाही, हेही कबूल करते.)

ज्यूसचा खोका बरा, त्यात बराचसा कागद असतो, धुवून चपटा करून सुक्यात. पिझ्झाचा खोका फाडून दोन भाग करायचे, कोरडं झाकण रद्दीत आणि तेल प्यायलेला तळ ओल्यात. पार्सलच्या खोक्याची चिकटपट्टी काढायची. आणि डायपर, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे, कृपा करून सुक्यात लपवू नका, ते उघडून बघणारं माणूस असतं.

पुढे जाऊन सगळं एकत्रच करतात, मग आम्ही कशाला वेगळं करायचं, हे पण ऐकते मी. काही ठिकाणी होतही असेल. पण गाडीत जायच्या आधी गेटवर बसून ताईंनी आपला माल काढून घेतलेला असतो, आणि तो कोरडा असला तरच निघतो.

आमच्याकडे आता टाइल्सवर परत पिशव्या दिसायला लागल्यात. पण आज सकाळी मिक्सरच्या मागे एक कापलेला कोपरा सापडलाच. कोणी कापला ते मला माहितीये, आणि तो आत्ता घरी बसून हा कार्यक्रम ऐकतोय.