चौकटीबाहेरचं दुःख

(पडदा काळा. फक्त आवाज.)

उघड्या माळावर एक लहानगं मूल कपाळ जमिनीला टेकून कोसळलंय. मागे, थोड्या अंतरावर, एक गिधाड बसलंय. दक्षिण आफ्रिकेचे छायाचित्रकार केविन कार्टर यांनी हा क्षण मार्च १९९३मध्ये सुदानच्या दक्षिण भागात, अयोद इथे टिपला. २६ मार्चला तो ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला आणि वाचकांनी एकच प्रश्न लावून धरला: त्या लेकराचं पुढे काय झालं? वृत्तपत्राला खुलासा छापावा लागला. मूल सावरून पुन्हा चालू लागलं होतं एवढं कळलं होतं, पण ते अन्नकेंद्रापर्यंत पोहोचलं की नाही, हे सांगता येत नव्हतं.

(छायाचित्र दिसू लागतं. कॅमेरा मुलाच्या मनगटाजवळ जाऊन थांबतो.)

आता इथे पाहा. मनगटावर प्लास्टिकची पट्टी आहे. अन्नकेंद्रात नोंद झालेल्या मुलांना अशी पट्टी बांधत. म्हणजे कुणीतरी या लेकराची नोंद केली होती, त्याचं नाव कुठल्यातरी वहीत होतं. केंद्र जवळच होतं. संयुक्त राष्ट्रांचं विमान उतरलं होतं आणि मोठी माणसं धान्य घ्यायला धावली होती. यातलं काहीच चौकटीत मावलं नाही. पट्टी मावली, पण तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही.

भूक खरी होती, गिधाडही खरं होतं. पण त्या मुलाला जगात कुणीच नाही, हा समज आपण पाहणाऱ्यांनी करून घेतला.

आणि भूक आली कुठून? अयोद, कोंगोर आणि वाट या तीन ठिकाणांमधल्या पट्ट्याला तेव्हा ‘भुकेचा त्रिकोण’ म्हणत. बंडखोरांचे दोन गट आपसांत लढत होते. गुरं लुटली गेली, माणसं परागंदा झाली, पेरणार कोण? छायाचित्रात गिधाड दिसतं, बंदूक दिसत नाही. म्हणून पाहणाऱ्याला वाटतं की हा निसर्गाचा कोप आहे. कार्टरनी मुलाला उचललं का नाही, यावर आजही तावातावाने वाद होतात. मला त्याहून जास्त सलतं ते हे, की इतक्या वादात त्या युद्धाचं नाव क्वचितच निघतं.

(१९३६, कॅलिफोर्निया. तंबूतली आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं.)

छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या या छायाचित्रामुळे निपोमोच्या छावणीतल्या उपाशी मजुरांसाठी वीस हजार पौंड अन्न धाडलं गेलं. तोवर ही बाई मुलाबाळांसह पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. लँगनी तिचं नावही विचारलं नव्हतं. ते जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि तेव्हा तिने सांगितलं की हे छायाचित्र काढलंच नसतं तर बरं झालं असतं; त्यातून तिला एक छदामही मिळाला नव्हता. मदत खरी, आणि तिची खंतही खरी. एकाने दुसरीची भरपाई होत नाही.

(जपान. मिनामाताचा उपसागर, आजचा.)

इथे चिसो नावाच्या कंपनीने १९३२पासून १९६८पर्यंत पाऱ्याचं विष समुद्रात सोडलं. ते मासळीत उतरलं, मासळीतून माणसांत, आणि आयांच्या पोटातल्या बाळांत. युजीन स्मिथ आणि आयलिन स्मिथ हे छायाचित्रकार दाम्पत्य १९७१मध्ये इथे आलं आणि तीन वर्षं राहिलं. गावात राहून, बाधित कुटुंबांत ऊठबस करून त्यांनी काम केलं. १९७२च्या जानेवारीत कंपनीच्या माणसांनी युजीनना इतकं मारलं की त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला.

त्यांचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र एका आईचं आहे. जन्मापासून अपंग असलेल्या लेकीला ती न्हाऊ घालतेय. आई-वडिलांच्या संमतीने ते घेतलं होतं, कारण कंपनीने काय केलं हे जगाने पाहावं, असं त्यांनाही वाटत होतं. आई म्हणायची, माझ्या पोटातलं विष या पोरीने स्वतःकडे घेतलं, म्हणून मी आणि पाठची मुलं वाचलो. त्या चौकटीत तिच्या नजरेत जे दिसतं, ते हे ऐकल्यावरच उलगडतं. १९७३मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी धरलं.

मुलगी १९७७मध्ये गेली. छायाचित्र मात्र फिरतच राहिलं, आणि आई-वडिलांना वाटू लागलं की लेकीला आता विसावा मिळावा. १९९८मध्ये आयलिन यांनी त्याबद्दलचा निर्णय त्यांच्या हाती सोपवला, आणि ते नव्याने छापायचं नाही असं ठरलं. इतका मोठा पुरावा झाकायचा का, असं विचारणारे होते, त्यांची तळमळही खोटी नव्हती. तरी मला आयलिन यांचंच पटतं. ज्या आईने दार उघडलं होतं, तिला ते लावून घेण्याचाही हक्क होता.

हा माहितीपट करताना ते छायाचित्र आमच्याही हाती आलं असतं. आम्ही ते घेतलं नाही. पारा, कंपनी, न्यायालय, मायलेकी, हे सगळं त्याच्याशिवाय तुमच्यापर्यंत पोहोचवता येत होतं.